काठावरचा माणूस

मला पोहता येत नाही. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, कारण पुढे पाण्याखालच्या बऱ्याच गोष्टी येणार आहेत आणि सांगणारा कुणी मोठा जाणकार आहे असा तुमचा समज व्हायला नको. नवव्या वर्षी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि मला आमच्या मळ्यातल्या विहिरीत ढकललं. आमच्या हसनाबादकडे पोरं अशीच पोहायला शिकतात. डबा पाठीवर राहिला की पोरगं तरंगतं. माझी दोरी ढिली होती. डबा सरकत कमरेखाली गेला आणि डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत मी अर्धी विहीर प्यालो. बाहेर काढल्यावर बघतो तर माझा धाकटा भाऊ, वय वर्षं सहा, काठावर शांत उभा.

"तुला दिसली होती का रे, दोरी ढिली हाय ते?"

"दिसली की. मी म्हणलो बी. तू म्हणला, गप बैस."

त्यानंतर मी कमरेच्या वर पाण्यात गेलो नाही. तो मात्र पाण्याबाहेर फारसा राहिलाच नाही.

हा भाऊ आता नाही. गेल्या उन्हाळ्यात एका विहिरीत तो गेला. तो कसा गेला ते मला सांगायचं आहे. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडेच आहे. लग्नात, बारशाला, कुणी रुसून बसलं तर, मलाच पुढे करतात. ही एक गोष्ट सांगायला मात्र मी फार दिवस लावले.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. धड नदीसुद्धा बारा महिने वाहत नाही. पण विहिरी आहेत, काळ्या पाषाणात सुरुंग लावून खोदलेल्या, साठ-सत्तर फूट खोल. त्यांच्या तळाशी मोटारी सोडलेल्या असतात. कधी दोर तुटतो, कधी पाइप निसटतो, आणि मोटार खाली गाळात जाऊन बसते. मग दोन दिवस वरून गळ टाकून चाचपडायचं, नाहीतर माझ्या भावाला फोन करायचा.

तो तरुणपणी काही वर्षं कोकणात होता. पर्यटकांना होडीतून नेऊन समुद्राचा तळ दाखवतात, त्या स्कूबाच्या धंद्यात. तिथे तो नीट शिकला, आणि परत आला तो एक भली मोठी पिशवी घेऊन. पिशवीत काळा रबरी पोशाख, काचेचा मुखवटा, शिशाच्या वजनांचा पट्टा, नळ्या, आणि वेगळं गुंडाळलेलं सिलिंडर. पहिल्यांदा त्याने तो पोशाख अंगणात वाळत घातला तेव्हा शेजारच्या आजीला ते म्हशीच्या पिल्लाचं कातडं वाटलं आणि तिने कुंपणावरून विचारलं, "कोणाचं वगार मेलं रे?"

तो घरात नसताना मी एकदा तो पोशाख चढवून बघितला. चढला. उतरेना. हात खांद्यापाशी अडकले आणि मी दिवाणखान्यात बुजगावण्यासारखा उभा. शेवटी बायकोने अर्धा डबा पावडर ओतून मला त्यातून सोलून काढलं. भावजय दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती, आणि संध्याकाळी तिने ते नवऱ्याला सांगितल्यावर तो अंगणात बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. "दादा," तो म्हणाला, "तुझं पोट पाण्यावर ठिवायसाठी हाय, खाली न्यायसाठी न्हाई. तू आपला वरच राह्य."

अशा रीतीने मी वरचा माणूस झालो.

वरचा माणूस म्हणजे जो काठावर उभा राहून दोर धरतो. दोराला एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. मी कचेरीत काम करणारा माणूस, रविवारी सुट्टी. रविवारी जालन्याहून निघायचं, त्याला घ्यायचं आणि भोकरदन, जाफराबाद, कधी घनसावंगीकडे, जिथे कुणाची मोटार पडली असेल तिथे जायचं. पण दोर धरणं हे माझं खरं काम नव्हतंच. ते कुणीही करू शकलं असतं. माझं खरं काम होतं वाचायचं.

त्याने एक यादी केली होती. अकरा ओळी. उतरण्याआधी काय काय तपासायचं ते. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेलेली, म्हणून मी कचेरीत ती सुवाच्य लिहून काढली आणि पाण्याने भिजू नये म्हणून लॅमिनेटही करून आणली. प्रत्येक वेळी, विहीर कुठलीही असो, तो सगळं अंगावर चढवून काठावर उभा राहायचा आणि म्हणायचा, "हां दादा, वाच."

मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, ती गोष्ट स्वतः हाताने धरून डोळ्याने बघायची, मग त्याने म्हणायचं "बराबर". मुखवट्याचा पट्टा. बराबर. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल, एका हाताने सुटतंय का. बराबर. पायाला बांधलेली सुरी. दोराची गाठ. असं करत करत सातवी ओळ यायची, चकरी. आठवी, काटा. नववी, तीन श्वास. या तीन ओळींना तो मला फार वेळ उभा करायचा.

का, ते सांगतो. सिलिंडर पाठीवर चढलं की त्याची चकरी, म्हणजे हवा सोडायची गोल मूठ, मानेमागे जाते. ज्याच्या पाठीवर आहे त्याला ती दिसत नाही. हात मागे घालून चाचपता येते, पण पूर्ण उघडी आहे की थोडीशीच, हे रबरी हातमोज्यातल्या बोटांना नीट कळत नाही. आणि गंमत अशी की चकरी थोडीशीच उघडी असली तरी काठावर हवा अगदी व्यवस्थित येते. खाली गेल्यावर, वर पाण्याचं वजन चढलं आणि काम करताना दम लागला, की मग ती पुरत नाही. म्हणून मी मागे उभं राहून चकरी शेवटपर्यंत फिरवून बघायची. मग त्याने तीन मोठे श्वास घ्यायचे आणि मी हवेच्या काट्याकडे बघायचं. काटा जागचा हलला नाही तर ठीक. श्वासागणिक खाली पडून वर आला तर समजायचं की चकरी पुरती उघडलेली नाही.

आता अकरा ओळी वाचून तपासायला वेळ लागतो. तोपर्यंत अख्खी वस्ती विहिरीभोवती गोळा झालेली असायची. मोटार पडली की पाणी बंद, त्यामुळे मालक घायकुतीला आलेला, आणि इकडे मी चष्मा लावून वाचतोय. लोक म्हणायचे, "भटजी आले." कुणी म्हणायचं, "काका, प्रसादाचं काय?" मलाही आधी मजा वाटायची. मी मुद्दाम कथा सांगतात तसा सूर लावायचो. भाऊ हसायचा, पण एकही ओळ सोडू द्यायचा नाही.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, इतकी वर्षं उतरतोस. तुला पाठ नाही का हे?"

"पाठ हाय म्हणून तर भ्या वाटतं, दादा. पाठ असलं की तोंड आपलं म्हणत राह्यतं. डोळे कुठं बघू राह्यले, त्याचा पत्ता नसतो."

मी ते ऐकलं आणि, खरं सांगतो, शहाणपणाचं बोललास म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारून विसरून गेलो.

माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पाहुणे राजूरकडचे. गणपतीचं दर्शन घेऊन त्यांच्याच घरी बैठक होती. नवं बनियन, इस्त्रीचा सदरा, मी आपला जपून बसलेलो, तेवढ्यात होणारे व्याही म्हणाले, "तुम्ही विहिरीवर पोथी वाचता म्हणं? आमच्या साडूकडं आल्तात तुम्ही. लई नाव काढलं त्यानं. बिलकुल भटजीवानी वाचतात म्हणला."

सगळी बैठक हसली. वाईट हेतूने नाही. मीसुद्धा हसलो. पण मुलीने खाली बघितलं, आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की आता पुरे. इतकी वर्षं कचेरीत फायली वागवलेला माणूस मी. सोयऱ्यांत माझी ओळख काय, तर विहिरीवरचा भटजी. आता लिहिताना हे इतकं क्षुल्लक वाटतं की लिहायची लाज वाटते. तेव्हा मात्र राजूरहून येताना मी गाडीत तेच वाक्य मनात घोळवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी भावाला सांगितलं, दुसरा माणूस बघ.

"व्याही हसले म्हणून?"

"हसले म्हणून नाही. माझे गुडघे दुखायलेत. उन्हात उभं राहवत नाही."

"खुर्ची टाकू की तुला."

"खुर्चीत बसून वाचू? मग तर हार पण घालतील."

तो हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "दादा, तू वाचतो तवा लोक गप उभे राह्यतात. न्हाईतर कोणी दोराला हात लावतं, कोणी सिलिंडर हालवून बघतं. हसू दे की त्यांला. हसता हसता गप तर राह्यतात."

मी म्हणालो, बघू.

पुढचे काही रविवार मी गुडघेदुखीत काढले. हा असा गुडघा होता की तो फक्त विहिरीच्या दिशेनेच दुखायचा. आठवडी बाजारात मी याच गुडघ्यावर दोन-दोन फेऱ्या मारल्या. भावाला ते कळत होतं, बाजारातच एकदा आम्ही समोरासमोर आलो. माझ्या हातात दोन्हीकडे पिशव्या. त्याने त्यातली जड पिशवी माझ्याकडून घेतली, रिक्षापर्यंत आणून दिली, आणि गुडघ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्या रविवारी तो कामाला गेला नव्हता. मी नसलो की तो काम पुढे ढकलायचा. लोक फोन करून थकायचे. भावजय म्हणायची, "त्यांला दुसरं कोणी चालतच न्हाई."

आणि मग तो रविवार. काम कुंभार पिंपळगावच्या पुढे होतं, लांब. विहिरीच्या मालकाचा चार दिवसांपासून धोशा होता, उन्हाळ्यात फळझाडं वाळायला लागली होती, म्हणून हा एकटा निघाला. मी घरी होतो. पोहे खात होतो. पोह्यांवर खोबरं जास्त होतं आणि मी बायकोशी त्यावरून काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"दादा, तयार होऊन उभा हाय. फोनवर तरी वाच."

"फोनवर?"

"स्पीकर लावलाय. कागद हाय का जवळ?"

कागद त्याच्याच पिशवीत होता. पण मला पाठ होता. मी तोंडातला घास बाजूला सारला आणि सुरू केलं. तिकडून माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी म्हणालं, "भटजी फोनवरून सांगू राह्यले!" आणि हशा पिकला. मग मीही रंगात आलो. सूर लावला. मुखवट्याचा पट्टा. "बराबर." बक्कल. "बराबर." सुरी, गाठ, सगळं. तो मध्येच हसत होता.

सातव्या ओळीला आलो तेव्हा बायकोने चहा आणून ठेवला. तीन श्वास म्हणजे थांबावं लागतं. एरवी मी मनातल्या मनात मोजतो, काट्याकडे बघतो, तो श्वास घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. फोनवर ते काय कळणार? मी तीन ओळींची एक ओळ केली.

"चकरी, काटा, श्वास. झालं?"

"झालं. बराबर."

दहावी, अकरावी. संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "दादा, पुढच्या रव्वारी ये. फोनवर मजा न्हाई येत."

मी म्हणालो, "बघू."

तासाभराने मालकाचा फोन आला. मी पोहोचेपर्यंत भावाला वर काढून बाजेवर ठेवलं होतं आणि कुणीतरी त्याच्यावर स्वच्छ धुतलेली पांढरी चादर घातली होती. खाली मोटारीचा पाइप आणि केबल आडवी पडलेली होती. दोराला तीन झटके आले, वरच्यांनी ओढायला घेतलं, दोर केबलमध्ये अडकला, सुटायला वेळ लागला. इतकंच मला कळलं. त्याहून जास्त मी विचारलं नाही. तोंडावर मुखवट्याची गोल खूण उमटलेली होती. मी ती अंगठ्याने पुसायला गेलो, जशी काही ती पुसली जाणार होती.

पोलीस आले. सामानाची नोंद करायची होती आणि त्या वस्तूंची नावं तिथे मला एकट्यालाच माहीत होती. हवालदार विचारत गेले, मी सांगत गेलो. सिलिंडर हातात घेतलं. काटा अर्ध्याच्या वर होता. हवा होती. आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, सामान उतरवलं की करतो तसं मी चकरी बंद करायला घेतली. पूर्ण उघडी असली की ती बंद करायला मनगट बरंच फिरवावं लागतं. ती अर्धा फेरासुद्धा फिरली नाही. लगेच बसली.

हवालदारांनी विचारलं, "हे काय?"

मी म्हणालो, "सिलिंडर. एक."

त्यांनी लिहिलं.

तो सकाळी घरून निघताना चकरी जराशी उघडून काटा बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. काठावर पुन्हा उघडायची. त्या दिवशी काठावर उघडताना मध्येच कुणी हाक मारली असेल, की पिंपळगावच्या उन्हात घाई झाली असेल, की माझा फोन लागतोय की नाही ते तो बघत असेल, मला माहीत नाही. त्याने हात मागे नेऊन चाचपलं असेल आणि ती उघडीच वाटली असेल. तिथे मागे एक माणूस उभा राहायला हवा होता. तो माणूस पोहे खात होता.

सुतकाच्या दिवसांत लोक यायला लागले. गावात बोललं जात होतं की हवा न भरताच गेला, बेफिकीर होता, नाहीतर एवढा पट्टीचा माणूस असा कसा जाईल. हे भावजयीच्या कानावर आलं. ती मुळात कमी बोलणारी बाई. पण हे तिला सहन होईना. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "बेफिकीर न्हवते ते. दादांनी फोनवर सगळं वाचलं व्हतं. अकराच्या अकरा. तितल्या लोकांनी ऐकलं. सांगा ना दादा."

आणि मी मान हलवायचो.

दहाव्याला मान हलवली. तेराव्याला हलवली. व्याही आले, हात जोडून मुकाट बसले होते, त्यांच्यापुढेही तिने म्हटलं, सांगा ना दादा, तेव्हाही हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही अशी मी माझी समजूत घालत होतो. वाचलं तर होतंच की. घरचा गोष्टी सांगणारा माणूस, आणि माझ्याजवळ त्या दिवसांत मानेशिवाय काही उरलं नव्हतं.

ती त्या मानेवर जगत होती, हे मला दिसत होतं. सगळं बघून, तपासून गेला आणि तरी गेला, म्हणजे वेळच आली होती. एवढ्या आधारावर ती उठत होती, चूल पेटवत होती, जनावरांना पाणी दाखवत होती. तो आधार काढून घ्यायला मला धीर होत नव्हता. हे मी माझ्या भेकडपणाला दिलेलं चांगलं नाव होतं, ते वेगळं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मी गावी गेलो. ती ओसरीवर सुपात डाळ निवडत होती. मला पाणी दिलं आणि पुन्हा सूप घेऊन बसली. जरा वेळाने म्हणाली, "दादा, फोनवर शेवटी काय बोलले ते?"

हे तिने आधीही दोनदा विचारलं होतं. मी सांगितलं. पुढच्या रविवारी ये म्हणाला. फोनवर मजा येत नाही म्हणाला.

"हसत व्हते का?"

"हसत होता. मी कथेच्या सुरात वाचत होतो ना."

ती थोडं हसली. तिच्या चेहऱ्यावर तेवढं हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होतो, आणि ते बघून मला पुढे गप्प बसवेना. मी म्हणालो, "मी सगळं वाचलं नाही."

तिचे हात थांबले.

मी सांगितलं. चकरी, काटा, श्वास. तीन ओळींची एक केली ते. चहा आला होता ते. गुडघा दुखत नव्हता ते. आणि सामान उचलताना चकरी अर्धा फेराही फिरली नाही ते. तिला यादी माहीत होती, पण या तीन ओळी कशासाठी आहेत हे माहीत नव्हतं, तेही सांगितलं.

"म्हंजे हवा व्हती?"

"होती. अर्ध्याच्या वर होती."

तिने सूप खाली ठेवलं. "मी समजत व्हते, संपली असंल," ती म्हणाली. "लोक म्हणत व्हते तसं नसलं, तरी काम लांबलं असंल, संपली असंल. संपली म्हंजे संपली. तुम्ही म्हंता पाठीवर व्हती आन् त्यांला भेटली न्हाई."

मी हो म्हणालो.

"आन् माझ्या तोंडून तुम्ही इतके दिस तुमची साक्ष देववली."

एवढी वर्षं ती माझ्याशी मान खाली घालून बोलत आली होती. आता ती सरळ माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मी रडत होतो, आणि मला त्याचीही लाज वाटली, कारण रडण्याचा हक्क तिचा होता आणि तो मी आधीच वापरून बसलो होतो.

"चकरी बघायचं काम त्यांचं व्हतं का तुमचं?"

"माझं."

"मंग ते बेफिकीर न्हवते."

"नव्हता."

"मंग हे जाऊन सांगा," ती म्हणाली. "ज्याच्या ज्याच्यापुढं मान हालवली त्याच्या त्याच्यापुढं. मी न्हाई सांगणार आता कोणाला काही."

तिने सूप उचललं आणि आत गेली. मला जेवून जा म्हणाली नाही. त्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता निघालो.

मग मी सांगत फिरलो. सुरुवात राजूरला व्याह्यांपासून केली. ते ऐकून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फोनवरून कसं दिसणार?" आणि मग ते स्वतःच गप्प झाले, आपण त्या दिवशी बैठकीत काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं. मी ते काढलं नाही. तो काही त्यांचा दोष नव्हता. गावात पारावर सांगितलं, भावकीत सांगितलं. एक-दोघे म्हणाले, झालं ते झालं, आता कशाला. बहुतेकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी शिव्या खायच्या तयारीने जायचो आणि चहा पिऊन यायचो.

शेवटी कुंभार पिंपळगावला त्या विहिरीच्या मालकाकडे गेलो. त्याच्याकडे जायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याने बाज टाकली, पाणी दिलं. मोटार अजून तळाशीच होती. त्याने ती काढायचा पुन्हा प्रयत्नच केला नव्हता, दुसरी विकत आणून शेततळ्यावर बसवली होती. त्या विहिरीवर त्याने लोखंडी जाळी टाकलेली बसल्या जागेवरून दिसत होती. मी सगळं सांगितलं, चकरीपासून पोह्यांपर्यंत. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग तो म्हणाला, "ती चकरी मानेमागं असती म्हंता?"

"हो."

"आन् ती बघायला पोहता यावं लागत न्हाई."

"नाही. मला कुठं येतं."

साधा माणूस, वयाने माझ्याएवढाच असेल. माझ्यावर ठपका ठेवण्यासाठी तो काही बोलत नव्हता. तो आपला हिशोब आपल्याशी लावत होता.

"आमी बाराजण उभे व्हतो त्याच्या मागं," तो म्हणाला. "टाळ्या वाजवू राह्यलो व्हतो. फोनवरून तुमी नुसतं म्हणले असते, कोणीतरी मागून चकरी फिरवून बघा, तर आमी बघितलं असतं की हो."